आरसी रणगाड्याचा छंद सुरू करताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत इंदूरच्या लोकमान्य नगरात ताईकडे मुलांनी मोठा किल्ला केला. दगड-विटांवर पोती, पोत्यांवर कालवलेली माती, उतारावर अळीव पेरलेले. भाच्याच्या हातात नुकताच आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, १/१६ मापाचा (खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा) टायगर रणगाडा आला होता. टायगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा. माती ओली होती, तरी त्याने तो थेट महादरवाजाच्या चढावर घातला. निम्म्या वाटेवर डावा पट्टा चाकांवरून उतरला आणि तो फिरवणारं दातेरी चाक व बॉडी यांच्या मध्ये अडकला. रणगाडा एका बाजूला गरगरू लागला, पण भाच्याने रिमोटची काडी पुढे दाबूनच धरली. आतून आधी कर्र आणि मग टक-टक-टक असा आवाज आला. "मामा, मोटर जळली," म्हणत तो संध्याकाळी माझ्याकडे आला. मोटर ठणठणीत होती. गिअरबॉक्स उघडला, तर प्लॅस्टिकच्या एका पांढऱ्या गिअरचे ओळीने चार दाते गायब होते. ते खाली ग्रीसमध्ये रुतून बसले होते.

इंदुरातल्या ओळखीच्या मुलांचे, आणि त्यांच्या बाबांचेही, बरेच रणगाडे माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत. बहुतेकांचं दुखणं एकाच ठिकाणी सुरू झालेलं असतं. रणगाडा आरसी कारसारखा पळवलेला असतो.

वेगाची अपेक्षा

खरा टायगर सुमारे ५७ टनांचा. रस्त्यावर त्याचा कमाल वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. सोळाने भागा, ताशी तीन किलोमीटरही भरत नाहीत. आपल्या लष्करातला भीष्म, म्हणजे टी-९०, ताशी ६० ने धावतो असं धरलं तरी १/१६ मापात पावणेचारच येतात. तेव्हा तुमचा रणगाडा चालत्या माणसाच्या मागे पडत असेल, तर तो बरोबर चालतो आहे. वेगासाठी जास्त व्होल्टची बॅटरी लावायचा मोह आवरा. आतला सर्किट बोर्ड ७.४ व्होल्टचा असेल तर तेवढीच द्या.

वजनाचा हिशोबही बघण्यासारखा आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळापट लहान झाल्या की वजन ४०९६ पट कमी होतं. त्या हिशोबाने टायगर जवळपास १४ किलोचा हवा, पण प्लॅस्टिकचा रणगाडा तीन-चार किलोचाच असतो. त्यामुळे काडी झटक्यात पुढे केली की तो नाक उचलून उडी मारतो आणि तो झटका थेट गिअरच्या दात्यांवर बसतो. खऱ्या रणगाड्यासारखा जडशीळ दिसायला हवा असेल, तर काडी बोटाने दोन मोजत पुढे न्या. थांबवतानाही तसंच. पुढून एकदम मागे तर कधीच घेऊ नका.

वळणं ही वेगळीच गोष्ट आहे. इथे पुढची चाकं वळत नाहीत. एक पट्टा थांबतो किंवा उलटा फिरतो, दुसरा पुढे जातो, आणि दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात. फरशीवर हे सहज होतं. जाड गालिच्यावर किंवा दाट हिरवळीवर जागच्या जागी गरकन फिरवणं म्हणजे मोटर, बोर्ड आणि पट्टा तिघांची परीक्षा. तिथे लांबचा वळसा घ्या.

खरेदीत होणारी गफलत

जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटचा रणगाडा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याच फ्रिक्वेन्सीचा दुसरा रणगाडा शेजारी आला की दोघं एकमेकांच्या रिमोटवर नाचायला लागतात. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आपापल्या रणगाड्याशी जोडी लावून घेतो. कोणतंही मॉडेल घेण्याआधी गिअरबॉक्स, पट्टे, बोर्ड आणि मोटर सुटे मिळतात का ते विचारा. हेंग लाँग या चिनी कंपनीच्या १/१६ रणगाड्यांचे सुटे भाग मिळतात, म्हणून नवख्याला मी तेच सुचवतो. तामिया या जपानी कंपनीचं किट अप्रतिम असतं, पण ते महाग आणि स्वतः बांधायचं. तो दुसरा रणगाडा असू द्या. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी आधीच हिशोबात धरा.

पहिला रणगाडा कोणता? सगळ्यांना टायगर हवा असतो. त्याची चाकं एकमेकांवर चढवलेली, एकाआड एक बसवलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर याच चाकांमध्ये चिखल आणि बर्फ गोठून रणगाडे अडकत. मॉडेलमध्ये तेच काम बारीक खडी करते, आणि आपल्या माळव्याची काळी माती तर त्याहून सरस. पावसाळ्यात ती लोण्यासारखी चाकांना लिंपून बसते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. बाहेर चालवायचा असेल तर शर्मन, टी-७२ किंवा टी-९० घ्या. त्यांची चाकं एका ओळीत असतात, ब्रश सहज फिरतो. शिवाय हे तिन्ही आपल्या लष्करात वापरले गेलेले रणगाडे. शर्मन १९६५ च्या युद्धात होता, टी-७२ ला आपण अजेय म्हणतो. मुलांना ते सांगितलं की खेळण्यातला जीव वाढतो. मेळ जमला तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय त्यांना जरूर दाखवा. पट्ट्याची एक खरी कडी किती मोठी असते ते तिथे जवळ उभं राहिल्यावर कळतं.

खरेदीतली आणखी एक चूक म्हणजे हौसेने फक्त धातूचे पट्टे आणून लावणं. दिसतात सुरेख, आवाजही अस्सल येतो. पण दातेरी चाक प्लॅस्टिकचंच राहिलं तर धातू त्याचे दाते खातो, आणि वाढलेलं वजन प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स ओढत बसतो. आधी स्टीलचा गिअरबॉक्स, मग धातूचं दातेरी चाक आणि आयडलर (पट्टा ताणणारं चाक), आणि शेवटी पट्टे. इतका खर्च एकदम नको असेल तर प्लॅस्टिकचे पट्टे खुशाल वापरा, ते चांगले टिकतात.

सगळा खेळ पट्ट्याचा

रणगाडा चालवण्याआधी दर वेळी मी एकच गोष्ट करतो. तो उचलून आडवा धरतो आणि वरच्या पट्ट्यावर बोट टेकवतो. पट्टा तारेसारखा ताठ लागला तर सैल करायला हवा. ताठ पट्ट्याने मोटर तापते आणि शाफ्टचं भोक लांबट होत जातं. बोटाने दाबल्यावर पट्टा दातेरी चाकाच्या दात्यांवरून सुटू पाहत असेल तर तो ढिला आहे. पहिल्याच वळणावर उतरेल. टायगरचा पट्टा वरून थोडा झोळ खाऊन चाकांवर टेकलेला दिसायला हवा, खऱ्यातही तो तसाच दिसतो.

ताण कमी-जास्त करायचा तो आयडलरवर, म्हणजे दातेरी चाकाच्या विरुद्ध टोकाच्या गुळगुळीत चाकावर. टायगर आणि शर्मनमध्ये दातेरी चाक पुढे असतं, टी-७२ आणि टी-९० मध्ये मागे. आयडलर पूर्ण ताणूनही पट्टा ढिलाच राहिला तर एक कडी काढा. बारीक खिळ्याने पिन दुसऱ्या बाजूने बाहेर सारायची, कडी काढायची आणि पिन परत बसवायची. पिन पूर्ण आत गेली आहे ना हे नखाने चाचपून बघा. अर्धवट बाहेर राहिलेली पिन बॉडीवर चरा पाडते आणि भर मैदानात निसटते. दोन्ही बाजूंच्या कड्या मोजून सारख्या ठेवा, नाहीतर एका बाजूला ताण वेगळा राहील आणि रणगाडा तिकडे ओढेल.

पट्टा उतरला की काडी सोडा. एवढं एक भाच्याने केलं असतं तर त्याचे चार दाते वाचले असते. स्विच बंद करा, आयडलर सैल करा, पट्टा आधी दातेरी चाकात बसवा, मग खालच्या चाकांखालून घ्या आणि शेवटी आयडलरवर चढवा. जोर लावावा लागला तर कुठेतरी काहीतरी अडकलेलं आहे, ते शोधा. जोर लावू नका.

खेळून झाल्यावर कोरड्या जुन्या टूथब्रशने चाकं झाडा. ओली माती लगेच खरवडू नका. ती वाळू द्या, मग पापुद्रे आपोआप सुटतात. नळाखाली तर अजिबात धरू नका. बहुतेक रणगाड्यांच्या पोटाला स्विच आणि स्पीकरची भोकं असतात, पाणी तिथून थेट बोर्डावर जातं.

ग्रीसच्या बाबतीत घरात असेल ते ओतायची सवय जड पडते. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते उडून जातं आणि मागे धूळ धरून ठेवतं. गिअरला पांढरं लिथियम ग्रीस लावा. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात छोटी ट्यूब मिळते, ती वर्षभर पुरते. स्क्रू सुटू नयेत म्हणून लावतात ते निळं थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या भागांपासून दूर ठेवा, त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

बॅटरी

इथे चूक झाली तर खेळणं नाही, घर धोक्यात येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या रणगाड्यांत ७.२ व्होल्टची निकेलची बॅटरी असायची, नव्यांत ७.४ व्होल्टची लिथियम. पंचाईत अशी की दोन्हींचा पांढरा प्लग बहुधा सारखाच असतो. जुन्या चार्जरला नवी बॅटरी बिनतक्रार जोडली जाते. तो चार्जर लिथियमसाठी नसतो, कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरवर, तीन तारांच्या छोट्या प्लगमधून भरा. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. चालवताना रणगाडा मंदावला की थांबा, तिला पिळून काढू नका. एका सेलचा व्होल्टेज ३ च्या खाली गेला की ती कायमची बिघडू शकते. बरेच दिवस ठेवायची असेल तर अर्धवट भरलेली, सेलमागे ३.८ च्या आसपास. महाराणी रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणा, या छंदातलं ते पहिलं हत्यार.

एका पावसाळ्यात माझ्या रणगाड्याचा स्विच चालूच राहिला आणि बॅटरी आत. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर तिचं चपटं पाकीट उशीसारखं फुगलेलं होतं. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, घरच्या डब्यात टाकायची नाही. मी ती वाळूच्या डब्यात अंगणात ठेवली आणि सकाळी नगर निगमच्या गाडीवर, काय आहे ते सांगून, इ-कचऱ्याच्या कप्प्यात दिली.

चार्जिंग रणगाड्यातून बॅटरी बाहेर काढूनच करा, फरशीवर, डोळ्यांसमोर. नुकतीच चालवून गरम झालेली बॅटरी आधी निवू द्या. आणि मे महिन्यात उन्हात तापणाऱ्या बंद कारमध्ये रणगाडा ठेवून बाजारात जाऊ नका.

बिघडला? उघडण्याआधी

चालतच नाही, फक्त दिवे लागतात: हेंग लाँगच्या नव्या रणगाड्यांत आधी रिमोटवरचं इंजिन सुरू करायचं बटण दाबावं लागतं. इंजिनाचा आवाज येईपर्यंत पट्टे हलत नाहीत. केवळ एवढ्यासाठी रणगाडे परत पाठवलेले मी पाहिले आहेत. मग रिमोटचे सेल बदला. आधी रिमोट चालू, मग रणगाडा. बंद करताना उलट.

एका बाजूला ओढतो: आधी रिमोटचा ट्रिम (सरळ चालण्यासाठीची बारीक जुळवणी) बघा, मग पट्ट्यांचा ताण, मग चाकांचे आस. घरात चालणाऱ्या रणगाड्याच्या आसावर केस आणि दोरे गुंडाळलेले हमखास सापडतात. एकदा चिमट्याने ओढत गेलो तर गोधडीचा हातभर लाल दोरा निघाला, आणि रणगाडा सरळ चालायला लागला.

एक बाजू पूर्ण बंद: वरची बॉडी उघडा, बॅटरी काढून ठेवा आणि बोर्डावरचे दोन्ही मोटरांचे प्लग अदलाबदल करा. मग बॅटरी जोडा, रणगाडा ठोकळ्यावर उचलून ठेवा आणि चालवून बघा. बंद बाजू बदलली तर बोर्डाचा तो भाग गेला आहे. तीच बाजू बंद राहिली तर मोटर, तिची तार किंवा गिअरबॉक्स. पाच मिनिटांच्या या तपासणीने नवा बोर्ड उगाच मागवणं वाचतं.

टक-टक आवाज: दातेरी चाकाचा मधला स्क्रू घट्ट आहे का ते बघा. तो ढिला असला तर शाफ्ट फिरतो आणि चाक घसरतं. घट्ट असेल तर गिअरबॉक्स उघडा आणि दाते मोजा.

धूर येत नाही: धुराच्या हीटरला त्याचंच तेल, मोजके थेंब. खोबरेल घालू नका. तेल संपल्यावरही चालू ठेवला तर हीटरची तार जळते, म्हणून रिकामा असताना धुराचा स्विच बंद ठेवा.

टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, अडला: हाताने फिरवू नका, विशेषतः लहान मुलांना सांगून ठेवा. जुन्या मॉडेलमध्ये तो पूर्ण गोल फिरतच नाही, आत तारा असतात.

दोन रणगाडे समोरासमोर लढवताना नेम लागत नसेल तर मशीन तपासण्याआधी आकाशाकडे बघा. हे रणगाडे इन्फ्रारेडचे, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशाचे, किरण मारतात. तो मारा भर उन्हात पोहोचत नाही. आम्ही संध्याकाळी साडेसहानंतर अंगणात लढतो. प्लॅस्टिकच्या ६ मिलिमीटर गोळ्या उडवणारा रणगाडा असेल तर मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवाच, बघणाऱ्यांच्यासुद्धा.

भाच्याच्या टायगरला आता स्टीलचा गिअरबॉक्स बसला आहे. यंदाच्या किल्ल्यासाठी त्याने आताच ठरवलंय की मागच्या बाजूने फळीचा उतार करायचा, त्यावर जुनं तरट ठोकायचं आणि माती दोन दिवस वाळल्याशिवाय रणगाडा वर न्यायचा नाही. तरटाचा तुकडा त्याने माझ्याकडूनच नेला.