टेक्स्ट एडिटर निवडताना आधी 'ऱ्या' टाइप करून बघा

राजारामपुरीतल्या मित्रासाठी गुळाच्या दरांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये केली होती. दुसऱ्या दिवशी उघडली, तर 'गूळ'च्या जागी नुसती तीन प्रश्नचिन्हं! फाइल आन्सी एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत, सेव्ह झालेली. त्यात देवनागरी बसतच नाही आणि गेलेली अक्षरं परत मिळत नाहीत. म्हणून रंग, थीम सगळं नंतर. आधी 'पंचगंगेच्या वाऱ्यावर' एवढं टाइप करा, यूटीएफ-८ (देवनागरी नीट सांभाळणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा. 'ऱ्या' जसाच्या तसा दिसला आणि कर्सर जोडाक्षरात अडखळला नाही, तर एडिटर कामाचा. विंडोजवर माझी पसंती नोटपॅड प्लस प्लसला: २००३ पासून आहे, फुकट आहे, जुन्या मशीनवरही पटकन उघडतो. मुख्य म्हणजे एन्कोडिंग खाली उजवीकडे कायम डोळ्यांसमोर असतं.