तोंडाच्या कॅन्सरचे शेक झाल्यावर आवाज बसला तर काय करायचं

गालाचा नाहीतर जिभेचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, मग रेडिएशन म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो ते पण झाले, आणि आता फोनवर समोरचा विचारतो कोण बोलतंय. आमच्या काकांचं हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, पण त्यांच्याबरोबर ईएनटी आणि स्पीच थेरपिस्टकडे बसून जे कळलं आणि नंतर वाचून, विचारून जे पक्कं केलं ते इथे लिहितेय.

आधी सगळ्यांना पडणारा प्रश्न, कॅन्सर गालात होता मग आवाजाला काय झालं? ऑपरेशननंतर साधारण 60 ते 66 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस देतात, 30 ते 33 वेळा, आठवड्यातून 5 दिवस. आणि तो फक्त तोंडाला नसतो, मानेतल्या गाठींनाही बऱ्याचदा देतात आणि त्याच मानेत मधोमध स्वरयंत्र आहे. डॉक्टर ते शक्य तेवढं वाचवतात तरी थोडा डोस जातोच, त्याने सूज येते, लाळेच्या ग्रंथी सुकतात, लाळ चिकट तारेसारखी होते. त्यात ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घातलेली असते, काहींच्या मानेला भोक पाडलेलं असतं, त्याचाही परिणाम राहतो.

पहिलं काम: आवाजाला नेमकं काय झालंय ते ओळखा

हे लोक करतच नाहीत. "आवाज गेलाय" एवढंच सांगतात आणि मग गोळ्या, काढे, वाफ, सगळं एकदम सुरू होतं.

लांब "आऽऽ" म्हणायला सांगा. "आ"च घोगरा, फाटका किंवा हवा सुटल्यासारखा येत असेल तर भानगड स्वरयंत्राची आहे. "आ" स्वच्छ येतोय पण "टाळी", "काळा", "रताळं" म्हणताना बोबडं होतंय तर जीभ किंवा जबडा नीट हलत नाहीये, म्हणजे घशाचं औषध घेऊन काही होणार नाही. जिभेचा तुकडा काढलाय त्यांना ट, ड, ल, र, ळ फार जड जातात. आवाज नाकातून येतोय, पाणी पिताना नाकात चढतंय, तर टाळूकडे बघायला लागतं. टाळूचा भाग काढलेला असेल तर तिथे बसवायची खास प्लेट मिळते, दातांचे डॉक्टर ती बनवून देतात.

चौथा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याचा घोट घेतल्यावर "आ" म्हटलं आणि आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर पाणी स्वरयंत्राशी साठतंय किंवा श्वासनलिकेकडे जातंय अशी शंका घ्यायची. (नाकातून नळी आहे आणि तोंडाने काही द्यायचं नाही सांगितलंय त्यांच्यावर ही टेस्ट करू नका!) ठसका लागलाच पाहिजे असंही नाही, शेकानंतर घशाची जाणीव कमी होते, त्यामुळे पाणी गुपचूप छातीत उतरतं आणि वारंवार ताप, कफ, न्यूमोनिया होतो. असा ओला आवाज दिसला की आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, आवाजाचं नंतर बघू.

मोबाईलवर रेकॉर्ड करा

दर 15 दिवसांनी, शक्यतो सकाळी त्याच वेळेला, तोच पेपरमधला उतारा वाचून घ्यायचा. घरचे रोज ऐकतात म्हणून त्यांना फरक कळत नाही, पेशंटला तर नाहीच कळत. ओपीडीमध्ये डॉक्टरकडे वेळ कमी असतो, तिथे "थोडं बरं आहे" म्हणण्यापेक्षा दोन क्लिप ऐकवलेल्या बऱ्या.

आता किती दिवस चालतं हे? शेक सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आणि घसा सोलवटायला लागतो, शेवटी आणि संपल्यावर एक-दोन आठवडे त्रास सगळ्यात जास्त, मग हळूहळू उतरतो. बऱ्याच जणांना दोन-तीन महिन्यांत चांगला फरक पडतो. कोरडेपणा मात्र महिनोन्महिने राहतो, काहींना कायमचाच.

घसा ओला ठेवायचा

पाणी एकदम तांब्याभर नाही, दर 15-20 मिनिटांनी घोट घोट. बाटली कायम हाताशी. किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर दिवसाला किती प्यायचं ते त्या डॉक्टरांना विचारा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, याने दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरायची, पाणी रोज नवीन बनवायचं. बाजारातले झणझणीत माऊथवॉश, ज्यात अल्कोहोल असतं ते नकोच.

वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, त्यात बाम टाकू नका, सोललेल्या घशाला तो झोंबतो. आणि भांड्यावर अगदी वाकून नाही, शेक दिलेली कातडी नाजूक असते, भाजते.

जीभेवर, गालात पांढरे डाग दिसले आणि जळजळ होत असेल तर बुरशी असू शकते, ती घशापर्यंत जाते आणि आवाजही बसवते. औषध साधं असतं पण डॉक्टरने बघून दिलेलं घ्या.

रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास सोडा, उशाकडची बाजू थोडी उंच करा. ॲसिड वर आलं की स्वरयंत्र अजून सुजतं. चहा बंद करा म्हणून कोणी ऐकणार नाही हे मला माहितीये, निदान कप कमी करा.

बोलायचं की गप्प बसायचं?

नातेवाईक सांगतात अजिबात बोलू नका. पूर्ण मौन बहुतेक वेळा लागत नाही, उलट स्नायू वापरात राहिले पाहिजेत. पण ओरडणं बंद, आतल्या खोलीतून हाका मारणं बंद, मिक्सर आणि टीव्हीच्या वर आवाज काढून बोलणं बंद. आणि कुजबुजणं पण बंद! लोकांना वाटतं कुजबुजून बोललं की घशाला आराम, पण बऱ्याच जणांच्या घशावर त्याने जोर जास्तच पडतो. हळू पण खऱ्या आवाजात बोला, छोटी वाक्यं, मध्ये श्वास. घसा सारखा खाकरायची सवय लागते, त्याऐवजी एक घोट पाणी किंवा नुसतं आवंढा गिळायचं.

व्यायाम

एकदा तरी स्पीच थेरपिस्टला दाखवून सुरू करा. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात, परळच्या टाटासारख्या ठिकाणी, बोलणं आणि गिळणं बघणारी माणसं असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ती तर वाचा आणि ऐकण्याच्या त्रासासाठीच आहे.

घरी करण्यासारखा सोपा म्हणजे स्ट्रॉचा. ग्लास अर्धा पाण्याने भरा, स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, त्यातून "ऊऽऽ" आवाज काढत बुडबुडे काढा. जोर लावायचा नाही, गळा आवळला जाता कामा नये. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ऑपरेशनमुळे ओठ नीट मिटत नसतील तर हे जमत नाही, मग ओठ जमतील तेवढे मिटून "म्ऽऽ" गुणगुणा. नंतर मोठ्याने वाचन करा. आमच्या काकांनी आरतीच धरली, हळू चालीत म्हणायची, दम लागला की थांबायचं. पुस्तकातल्या वाक्यांपेक्षा पाठ असलेलं बरं पडतं.

तोंड उघडायचा व्यायाम तर सोडूच नका. आपल्याकडे मावा, गुटखा, तंबाखू-चुन्याने आधीच तोंड कमी उघडत असतं, शेकाने जबडा अजून आवळतो. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते आठवड्यातून एकदा बघा. कमी होत चाललं असेल तर लगेच सांगा, कारण तोंडच उघडत नसेल तर शब्द बाहेर पडणार कसे.

घरगुती उपायांचं म्हणाल तर खडीसाखर चघळली तर दातांची वाट लागते, लाळ नसली की दात लवकर किडतात, आणि शेकानंतर दात काढणं जबड्याच्या हाडासाठी धोक्याचं असतं, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढूच नका. जेष्ठमध जास्त झाला तर बीपी वाढतो. सुंठ-मिरीचा काढा सोललेल्या घशात ओतायची कल्पना कोणाची असते देव जाणे.

कधी वाट बघत बसायचं नाही

आवाज सुधारला होता आणि परत बिघडला, आणि दोन-तीन आठवड्यांत सर्दी-खोकल्यासारखा उतरला नाही, तर "शेकाचंच असेल" म्हणून सोडू नका. नाकातून बारीक दुर्बीण टाकून पाच मिनिटांत स्वरयंत्र दिसतं. त्यात सूज, लुळा पडलेला स्वरतंतू, नवीन गाठ, काय आहे ते कळतं. तंबाखू चालू असेल तर अजूनच घाई करा. सोडायची असेल तर सरकारची 1800-11-2356 ही फुकट लाईन आहे, मिश्रीपण त्यातच मोजा.

दुसरं म्हणजे थायरॉईड. मानेला शेक दिलेत तर महिन्यांनी, वर्षांनी तो मंदावतो आणि आवाज जड होतो, थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढतं. दर 6 ते 12 महिन्यांनी टीएसएच करायचं, साधी रक्ततपासणी आहे आणि गोळीने आटोक्यात येतं. हनुवटीखाली सूज लोंबतेय, मान लाकडासारखी कडक झालीये, तेही सांगा, त्यासाठी शिकलेल्या फिजिओकडून मसाज असतो, घरी तेल लावून रगडू नका.

श्वास घेताना घर्र असा आवाज, दम लागणं, तोंडातून रक्त, स्वतःची लाळही गिळता न येणं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री इमर्जन्सीला.

तोपर्यंत रोजचं कसं चालवायचं

क्लासवाले सर कमरेला लावतात तो छोटा स्पीकर-माईक घ्या, दुकानदारांना आणि शिक्षकांना तर फारच उपयोगी. मोबाईलमध्ये मराठीत टाईप केलं की बोलून दाखवणारी सोय असते, ती चालू करून ठेवा, बँक आणि रिक्षासाठी दोन-चार वाक्यं आधीच लिहून ठेवा. आणि घरच्यांनो, समजलं नाही तर "काय? काय?" करत राहू नका. जेवढं कळलं तेवढं परत बोला, "औषधाचं म्हणताय ना, कुठलं?" असं, म्हणजे त्यांना अख्खं वाक्य पुन्हा म्हणायला लागत नाही. टीव्ही मात्र आधी बंद करा.