लष्करी नर्सचा पगार कसा मोजावा

‘मिलिटरी नर्सिंगमध्ये पगार किती मिळतो?’ कुणी सांगतं छप्पन्न हजार, कुणी सव्वा लाख. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. एक जण पगारपत्रकाची पहिली ओळ सांगत असतो, दुसरा शेवटची. मधल्या ओळी नीट लावल्या की भावनेच्या भरात फॉर्म भरावा लागत नाही.

आधी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, कोणतं ते विचारा: परमनंट की ठरावीक वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. पगाराच्या आधी हे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, म्हणजे एमएनएसमध्ये, नर्स ही लेफ्टनंट हुद्द्याची अधिकारी असते. बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन लष्कराच्या सहा नर्सिंग कॉलेजांतून जाता येतं. मुलींसाठी एकूण २२० जागा, त्यांपैकी पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ४० आणि मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ४०. शिकताना राहणं-जेवण फुकट, वर स्टायपेंड. पुढे परमनंट कमिशन मिळालं तर वीस वर्षांनंतर पेन्शन. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. सुरुवातीचा पगार दोघींचा सारखाच असतो, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग दोन आकडे मांडा. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. त्यात मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे एमएसपी, १०,८०० रुपये. बेरीज ६६,९००. इथे एक बोचणारी गोष्ट आहे: इतर लष्करी अधिकाऱ्यांचा एमएसपी १५,५०० आहे. खांद्यावर तेच दोन स्टार, तरी दरमहा ४,७०० कमी. मला हे पटत नाही, पण हिशेब करताना १०,८००च धरा.

महागाई भत्ता या बेरजेवर लावा, नुसत्या मूळ वेतनावर नाही. दर जानेवारीत आणि जुलैत तो बदलतो, त्यामुळे ताजा दर बघून घ्या. उदाहरणासाठी जानेवारी २०२४चा ५० टक्के धरू, हिशेब सोपा जातो: ३३,४५० रुपये. झाले १,००,३५०.

आता पोस्टिंगचं गाव बघा. पुणे, मुंबई, नागपूर असेल तर वाहतूक भत्ता ७,२०० आणि त्यावर महागाई भत्ता, म्हणजे १०,८००. लहान गावी त्याच्या निम्मा. घरभाडे भत्ता पुण्या-मुंबईत मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १६,८३०. पण तो सरकारी क्वार्टर नसेल तरच. अशी बेरीज १,२७,९८०वर जाते. सव्वा लाख म्हणणारा हाच आकडा सांगत असतो. क्वार्टर मिळालं की घरभाडं गेलं, वर लायसन्स फी, म्हणजे क्वार्टरचं भाडं, आणि वीज-पाणी कापलं जातं. फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या किंवा खडतर भागात, गेल्यास वेगळे भत्ते लागतात. गणवेशाचे पैसे वर्षातून एकदा, जुलैच्या पगारात येतात.

कपातीची बाजू वाचा. डीएसओपी फंडात किमान सहा टक्के जातात. हा तुमचाच भविष्यनिर्वाह निधी आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ग्रुप इन्शुरन्स आणि इन्कम टॅक्स मात्र हातातून जातात. एनपीएस, म्हणजे बाजाराशी जोडलेली नवी पेन्शन योजना, इथे नाही, जुनीच पेन्शन आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० असतं. तुलना करायची तर हा पेन्शनचा मुद्दाही धरा, नाहीतर ती अर्धवट राहते.

पैशांत न दिसणारं वेगळं लिहून काढा. स्वतःवर आणि कुटुंबावर लष्करी रुग्णालयात उपचार, लष्करी कॅन्टीनमध्ये स्वस्त खरेदी, दोन मुलांपर्यंत प्रत्येकी १८० दिवस पगारी प्रसूती रजा, सगळ्या नोकरीत मिळून ३६० दिवस बालसंगोपन रजा. हे आज सहज वाटतं. पण १९८८ साली एका एमएनएस लेफ्टनंटला लग्न केलं म्हणून नोकरीवरून कमी केलं होतं. तसा नियमच होता, तो १९९५मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ६० लाख रुपये द्यायला सांगितलं.

शेवटचं काम रुजू झाल्यावरचं. पगार निघतो पुण्यातल्या संरक्षण लेखा कार्यालयातून, पण तिथे बसलेल्या माणसाला तुमची बदली झाली, लग्न झालं, क्वार्टर सोडलं, हे आपोआप कळत नाही. तुमच्या युनिटने ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून कळवलं तरच कळतं. माझ्या ओळखीतल्या एका लेफ्टनंटचा घरभाडे भत्ता तीन महिने आला नाही. ती फोन करत राहिली पुण्याला, आणि ऑर्डर पडून होती तिच्याच वॉर्डापासून दोन इमारती पलीकडे, युनिटच्या ऑफिसात. म्हणून काहीही बदललं की हेडक्लार्ककडे जाऊन ऑर्डरचा नंबर आणि तारीख डायरीत लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ती ओळ शोधा.