गडद तपकिरी अंडी हवीत तर आधी कोंबडा नीट निवडा

कोल्हापुरात तपकिरी अंडं दिसलं की गावरान समजून लोक दोन पैसे जास्त देतात, म्हणून मग परसात कोंबड्या पाळणारे विचारतात की काय खायला घातलं की अंडं गडद होईल. मका, लसूणघास जरूर घाला, पण त्यानं आतला बलक पिवळाधमक होतो, कवचाचा रंग बदलत नाही. तो आई आणि बाप दोघांच्या रक्तातनं येतो.

आधी एक तपकिरी अंडं फोडून आतला पातळ पडदा सोलून बघा, कवच आतनं पांढरं दिसेल. पोटात कवच चढायला साधारण 20 तास लागतात, त्यात सगळा थर पांढऱ्या कॅल्शियमचा बनतो आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचा तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत वरनं बसतो. म्हणून लिंबू चोळून रंग निघाला की अंडं डुप्लिकेट, ही टेस्ट धरू नका, आंबटानं खऱ्या अंड्याचा रंगपण निघतो. चिलीच्या अरौकाना कोंबडीचं अंडं मात्र आतबाहेर निळं असतं, ते एकाच जीनचं काम, आणि आई-बापापैकी एकाकडनं जरी तो आला तरी कवच निळंच, वरनं तपकिरी बसला तर हिरवट दिसतं. तपकिरीमागं बरेच जीन असतात, त्यामुळं लेगहॉर्नसारख्या पांढऱ्या अंड्याच्या जातीशी क्रॉस केला की मुलींची अंडी बहुतेक मधल्याच फिक्या रंगाची येतात. कडकनाथ काळा असला तरी त्याचं अंडं फिकट तपकिरी किंवा क्रीमच, पिसांच्या रंगावर जाऊ नका.

आता कोंबड्या. कुठलं अंडं कुणाचं हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नका, एकेक कोंबडी वेगळी डालून अंडं बघा आणि गडद अंडंवालीच्या पायात रिंग घाला. ही तुलना अंडी सुरू झाल्या झाल्या करा, कारण पुढं पुढं रंग फिका पडतो, वय वाढलं, ऊन वाढलं, कोंबडी घाबरली तरीपण पडतो, आणि मग चांगली कोंबडी उगीच बाद होते.

खरी गोची कोंबड्याची, तो अंडं घालत नाही पण मुलींना निम्मे जीन त्याचेच. तुरा नि रुबाब बघून कोंबडा घेऊ नका, तो कसल्या अंड्यातनं निघाला हे विचारा, गडद अंड्यातला असेल तरच ठेवा, आणि शक्यतो दुसऱ्या गावातनं आणा, एकाच घरातल्या भावाबहिणींची जोडी लावत राहिलं की अंड्यांतनं पिल्लं कमी निघतात.

मग खुडूक कोंबडीखाली फक्त रिंगवालीची अंडी ठेवा. 21 दिवसांनी पिल्लं निघतील, पण निकाल त्यातल्या तलंगा (तरुण माद्या) अंड्यावर आल्यावरच कळतो, गावरानात त्याला सहा महिने सहज जातात. तोवर कोंबडा विकू नका, मुलींची अंडी आईपेक्षा फिकी निघाली तर कोंबडा बदला, आईला हात लावू नका.