गणपतीपुळे ते रत्नागिरी: कॅरव्हॅनने दोघांचा एक दिवस

तारीख ठरवताना आधी तिथी बघा. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो. रत्नागिरीत तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या. सकाळी पुळणीवर फिरायचं असेल तर तृतीया ते पंचमी उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि ऐन दुपारी पाणी पार वरपर्यंत येतं.

मुक्काम गणपतीपुळ्यातच ठेवा आणि रत्नागिरी करून परत या. जागा ठरवताना फोनवर तीनच गोष्टी विचारा: कॅरव्हॅन, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, उभी राहील तिथून वीस मीटरच्या आत १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, सांडपाणी आणि टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची, आणि फाटकाची कमान किती उंच आहे. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजून ती ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. गावातल्या रस्त्यांवर खाली आलेल्या आंब्याच्या फांद्या आणि लोंबत्या तारा त्या एसीलाच आधी लागतात. भाड्याची कॅरव्हॅन बहुधा चालकासह मिळते. त्याच्या झोपण्याची सोयही याच फोनवर करून टाका, नाहीतर दोघांची सहल तिघांची होते.

सकाळी गाडी जागेवरच राहू द्या आणि देवळात चालत जा. गणपती स्वयंभू असल्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालतात, साधारण एक किलोमीटर. इथला समुद्र शांत दिसतो, पण उतार तीव्र आहे आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघ्यापुढे जाऊ नका, ओहोटीत तर नाहीच. नाश्ता उरकून जवळच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघून या. तासभर पुरतो, रिक्षाने गेलात तर आणखी बरं.

निघण्यापूर्वी पाच मिनिटांचं काम आहे. गॅसचा कॉक बंद, फ्रिजचं दार आणि कपाटांच्या कड्या लावलेल्या, सांडपाण्याची टाकी रिकामी. पिण्याच्या वेगळ्या बाटल्या सोडून टाकीत साठ लिटर पाणी दोघांना दिवसभर पुरतं: दोन अंघोळींचे तीस, भांड्यांचे दहा, बाकी वाळूचे पाय धुवायला. शंभर लिटर भरलंत तर शंभर किलो वजन घाटीत चढवावं लागतं.

आरे-वारेचा सागरी मार्ग रत्नागिरीपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. तो समुद्रालगत उतरतो आणि पुन्हा डोंगरावर चढतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि मग ऐनवेळी धरत नाहीत. फोटोसाठी वळणावर थांबू नका. रस्त्याकडेला पक्की, रुंद जागा मिळाली तरच थांबा. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहावं, पण चालकाला आरशात दिसेल असं. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हे दोघांनी आधी ठरवून घ्या.

गाडी वाळूत घालू नका. वरचा थर डांबरासारखा घट्ट वाटतो, पण तीन टनांच्या वर वजन आलं की तो फुटतो. रुतलीच तर अॅक्सिलरेटर सोडा, कारण चाक फिरत राहिलं तर ते स्वतःचाच खड्डा खणतं. चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, रबरी पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि हळूच पुढे घ्या. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर गावातला ट्रॅक्टर बोलवा, कारण भरती सुरू झाली असेल तर तुमच्याकडे फार वेळ नसतो. डांबरावर आल्यावर हवा पूर्ण भरून घ्या.

रत्नागिरीत बाजारपेठेच्या गल्ल्यांत कॅरव्हॅन नेऊ नका. थिबा राजवाडा किंवा रत्नदुर्ग, एकच निवडा. आमचं मत राजवाड्याला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी तो १९१० मध्ये बांधून झाला आणि राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. तिथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. जेवण खानावळीत घ्या, कारण भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत शेगडी पेटवण्यात शहाणपण नाही. रात्रीसाठी मिरकरवाडा बंदरावरून मासळी घेता येते, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासे बाहेरच तळा. आत तळलेल्या सुरमईचा वास पडद्यांना तीन दिवस सोडत नाही.

चारला परत निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आरे-वारेची वळणं अंधारात मोठ्या गाडीने घेण्यासारखी नाहीत. सूर्यास्त वरूनच बघा आणि उजेड असेतो उतरून या.

मुक्कामावर आल्यावर आधी गाडीखाली गोड्या पाण्याची नळी मारा, खारं पाणी सुकलं की गंज धरतो. मग वायर लावा, पण रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर एसीच्या भाराने तापून वितळते. बॅटरीवर एसी चालवायचा मोह नको: तो इन्व्हर्टरमार्फत बारा व्होल्टवर शंभरेक अँपिअर ओढतो, आणि शंभर अँपिअर-तासाच्या लेड अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात. म्हणजे एसी जेमतेम अर्धा तास. वीज गेलीच तर छताची खिडकी उघडा आणि पंखा लावा. फ्रिज आणि पंखा त्या बॅटरीवर रात्रभर आरामात चालतात.