सपाट छपराचा जलरोधक थर कसा निवडावा

व्यावसायिक इमारतीच्या सपाट छपरासाठी जलरोधक थर निवडायचा असेल, तर माहितीपत्रके मागवण्याआधी मोठा पाऊस थांबल्यावर हातात खडू घेऊन छपरावर जावे. प्रत्येक डबक्याच्या कोरड्या कडेने रेघ ओढावी आणि 48 तासांनी पुन्हा पाहावे. तोवरही पाणी हटले नसेल, तर दोष ढाळाचा आहे आणि कितीही महाग थर टाकला तरी तो झाकला जाणार नाही. 500 चौरस मीटर छपरावर 5 सेंटिमीटर पाणी साचले, तर 25 टनांचा भार स्लॅबवर बसतो. नकाशात 1:40 ढाळ, म्हणजे 40 मीटर लांबीत 1 मीटर उतार, धरला, तर कामातील चढउतार जमेस धरूनही प्रत्यक्षात 1:80 मिळतो. नकाशातच 1:80 धरणारे पुढे डबकी मोजत बसतात.

जुन्या छपराला दोन-तीन ठिकाणी छेद घेऊन आत काय आहे तेही पाहावे. उष्णतारोधक थर भिजलेला असेल, तर तो काढल्याशिवाय वर काहीही टाकू नये, कारण आत कोंडलेली ओल उन्हात वाफ होऊन नव्या थराला फुगे आणते.

त्यानंतर छपरावर काय चालते याचा विचार करावा. उपाहारगृहाच्या धुराड्यातून तेलकट वाफ छपरावर पडत असेल, तर ईपीडीएम हे काळे रबर टाळावे, कारण तेल लागले की ते फुगते आणि मऊ पडते. तेथे पीव्हीसी या प्लॅस्टिकची शीट योग्य ठरते. मात्र पीव्हीसीतील लवचीकता देणारे द्रव्य डांबराच्या संपर्कात निघून जाते आणि शीट कडक होते, म्हणून जुन्या डांबरी थरावर ते अंथरताना मध्ये विलग करणारे कापड हवेच. वातानुकूलनाच्या यंत्रांसाठी तंत्रज्ञांची सतत ये-जा असेल, तर खडीदार पृष्ठभागाचा दोन पदरी सुधारित (पॉलिमर मिसळलेला) डांबरी थर पायाखाली अधिक टिकतो. परंतु तो ज्योतीने चिकटवतात, त्यामुळे लाकडी सांगाडा किंवा पेट घेणारा उष्णतारोधक थर असल्यास स्वयंचिकट प्रकार घ्यावा. टीपीओ ही आणखी एक प्लॅस्टिक शीट, आणि पांढरे टीपीओ ऊन परतवते. शीतकरणाचा खर्च मोठा असेल तेथे त्याचा लाभ दिसतो, थंड प्रदेशात तितका नाही.

माझ्या मते शीटच्या जाडीवर जेवढा वाद होतो, त्याच्या निम्मेही लक्ष सांध्यांकडे जात नाही, आणि गळती तर बहुधा तेथूनच सुरू होते. ईपीडीएमचे सांधे चिकटपट्टीने किंवा गोंदाने जोडतात, तर टीपीओ आणि पीव्हीसीचे गरम हवेने वितळवून एकजीव करतात. असा सांधा थंड झाल्यावर त्याच्या कडेने बोथट टोकाची सळई दाबून फिरवावी. टोक कोठे आत शिरले, तर तेथील जोड कच्चा आहे. कठड्यालगत थर किमान 150 मिलिमीटर वर चढवलेला असावा, आणि पाइप किंवा यंत्राचे पाय जेथे छपरातून वर येतात तेथील तपशील कंत्राटदाराकडून रेखाटून घ्यावा, कारण तोंडी आश्वासनात नेमका हाच भाग सुटतो.

दरपत्रके तुलनेला घेताना जुना थर काढणे, ढाळ दुरुस्त करणे आणि पाणी भरून चाचणी घेणे ही कामे प्रत्येकात आहेत का, ते तपासावे. हमीपत्रात साचलेल्या पाण्यामुळे झालेले नुकसान वगळलेले असेल, तर सही करण्याआधी पहिल्या दिवशीच्या खडूच्या रेघांची छायाचित्रे कंत्राटदारासमोर ठेवावीत.