दिव्यांगांसोबत काम करायचंय? पिशवीत मोजपट्टी ठेवा

जून लागला की नव्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, दिव्यांगांसाठी खेड्यात काम करायचंय, कोणता कोर्स करू?" याचं उत्तर सोपं आहे. विशेष शिक्षण, वाचा-श्रवण किंवा कृत्रिम अवयव, यांतलं काहीही निवडा, पण कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त हवा. १९९२ च्या कायद्यामुळे परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. मुंबईत वाचा-श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, तर कृत्रिम अवयवांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. दोन्ही सरकारी.

खरं शिक्षण मात्र लोकांच्या घरात होतं. शिबिरात वाटलेल्या व्हीलचेअरवर धान्याची पोती रचलेली तुम्हाला दिसतील. एक आई मला म्हणाली, "खुर्ची झ्याक हाय हो ताई, पण दारातनं आत येत न्हाई." दार दोन फुटी, खुर्ची सव्वीस इंची, वर वीतभर उंबरा. म्हणून पहिल्या भेटीत माणसाइतकंच घरही मोजा. दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, न्हाणी आणि संडासापर्यंतची वाट, सगळं वहीत टिपून घ्या. मणक्याला इजा झालेला माणूस असेल तर आणखी सावध राहा. बऱ्याचदा कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे बसून बसून माकडहाडाशी जखम झाली तरी त्याला कळत नाही. दर अर्ध्या तासाने हातांवर भार देऊन अंग उचलायचं आणि रात्री घरच्यांनी पाठ, टाचा बघायच्या, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा. उशीशिवाय नुसती खुर्ची देणं म्हणजे जखमेला आमंत्रणच.

जयपूर फूट या कृत्रिम पायाची गोष्ट या कामात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी असं मला वाटतं. परदेशी धाटणीच्या पायाला बूट लागायचा आणि तो लावून उकिडवं बसता येत नसे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला, की अनवाणी चिखलात उतरावं, मांडी घालावी, शेतात राबावं. शर्मांचं शालेय शिक्षण बेताचं होतं, पण आपल्याकडचा माणूस कसा बसतो-उठतो हे त्यांना ठाऊक होतं.

उरलेलं निम्मं काम कागदांचं, आणि ते कमी लेखू नका. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, हातात आलं की एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना अशी दारं उघडतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. त्याचा हिशोब ग्रामसेवकाला ग्रामसभेतच विचारा, खासगीत विचारून काही हाती लागत नाही. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात माणूस न्यायच्या आदल्या दिवशी फोन करून त्या विषयाचे डॉक्टर बसणार आहेत ना, याची खात्री करा. नाहीतर त्याची दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं जातं, आणि पुढच्या वेळी तो यायला तयार होत नाही.

पैशांचं म्हणाल तर संस्थांमधल्या बऱ्याच नोकऱ्या अकरा महिन्यांच्या करारावर असतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

एक प्रश्न तुम्हाला घरोघरी ऐकू येईल: "आमच्यामागं याचं कोण?" बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठराचं झालं, की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या १९९९ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा.